फॉईलचा पांढरा लाईट फक्त लंज मारताना लागतोय, दोन्ही वेपन बदलून झाली, आता काय बघू?

अन्वयाची_आई:
नमस्कार मंडळी. इथे तलवारबाजीतले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय. मोठं होईल पण सगळं एकदाच सांगते.

मुलगी १४ वर्षांची, तीन वर्षं झाली फॉईल (तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एक) खेळतेय. गेल्या रविवारी सिलेक्शन होतं. पूलच्या (पहिल्या गटफेरीच्या) दुसऱ्या बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, ती लंज मारायची (हात ताणून पुढचा पाय लांब टाकून हल्ला) आणि पॉइंट (ब्लेडच्या टोकावरचं दाबलं जाणारं बटण) समोरच्या मुलीला लागायच्या आधीच हिच्या बाजूचा पांढरा लाईट लागून मशीन ओरडायचं. उभी राहून पॉइंट दाबला की सगळं बरोबर. रेफ्रींनी वेपन बदलायला सांगितलं, दुसरं दिलं तर समोरच्या जॅकेटवर टेस्ट करतानाच पांढरा, म्हणून यलो कार्ड. त्याच बाउटमध्ये पुन्हा तेच, मग रेड, म्हणजे एक गुण न खेळताच गेला. तो बाउट ४-५ ने हरली. सर दुसऱ्या पिस्टवर (खेळायच्या पट्टीवर) लहान मुलांपाशी होते, मला यातलं काही कळत नाही, आणि पोरगी मास्कच्या आत रडत होती ते मला बाहेरून दिसत होतं.

घरी आल्यावर दोन्ही वेपनचे पॉइंट नवीन टाकले, एकाचं ब्लेडही बदललं (वायर घातलेलं तयार ब्लेड). क्लबच्या टेस्ट बॉक्सवर सगळं ओके दाखवतंय. काल प्रॅक्टिसला मशीनवर लावलं तर परत लंजला पांढरा!!

बॉडी वायर (बाहीतून जाऊन वेपनला मशीनशी जोडणारी) ठीक असावी, कारण मागच्या वर्षभरात दोनदा हाताकडच्या प्लगपाशी तुटली होती ती माझ्या दिरांनी (ते वायरमन आहेत) छान नीट करून दिलीय. जॅकेट तर यंदाच नवीन घेतलं, उंची वाढली म्हणून. तीन आठवड्यांनी पुढची स्पर्धा आहे. कोणी क्रमाने सांगेल का काय काय तपासायचं? घरात साधा मल्टीमीटर आहे.

रीलवाला_काका:
ताई, आधी एक करा, आणखी काही विकत घेऊ नका. मी आमच्या क्लबच्या साहित्याची दुरुस्ती गेली १५ वर्षं बघतोय. दहा गोष्टी बदलून दोष सापडत नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलली तर सापडतो.

फॉईलचं सर्किट आपल्या घरातल्या बटणाच्या उलट असतं हे पहिलं डोक्यात पक्कं बसवा. घरात बटण दाबलं की सर्किट जोडलं जातं. फॉईलमध्ये पॉइंट मोकळा असताना सर्किट जोडलेलं असतं आणि पॉइंट दाबला की तुटतं. मशीन सारखं बघत बसलेलं असतं की करंट फिरतोय ना. तुटला की ते विचारतं, ही टोचणी समोरच्याच्या लामेवर (वरच्या धातूच्या धाग्यांच्या जॅकेटवर) झाली का? झाली असेल तर रंगीत लाईट, नसेल तर पांढरा. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाजूचा पांढरा लाईट कुणाला काही न लागता लागतोय, याचा अर्थ वाटेत कुठेतरी सर्किट उघडं पडतंय. ते पॉइंटमध्ये असेल, ब्लेडच्या वायरमध्ये, गार्डच्या (मुठीपुढच्या धातूच्या वाटीच्या) आतल्या सॉकेटमध्ये, बॉडी वायरमध्ये, रीलमध्ये (खेळाडूच्या पाठीमागे वायर गुंडाळणारी पेटी) किंवा जमिनीवरच्या केबलमध्ये. साखळीची कुठलीही कडी.

आता तुमच्याच पोस्टमध्ये बघा. दोन वेगवेगळी वेपन, दोन्हीला एकच रोग, आणि तोही स्पर्धेच्या मशीनवर आणि क्लबच्या मशीनवर. दोन वेपन एकाच दिवशी एकाच पद्धतीने बिघडणं फार अवघड. मशीन आणि रील दोन्हीकडे वेगळी. मग दोन्हीकडे एकसारखं काय होतं?

इपी_नाशिक:
काकांशी सहमत पण स्प्रिंग एकदा बघाच. लंज मारताना पॉइंट झटक्याने हलतो आणि स्प्रिंग अगदी ढिली असेल तर पॉइंट आपोआप दबून पांढरा लागू शकतो, ब्लेडवर नुसता बीट (ब्लेडचा ठोका) झाला तरी लागतो. फॉईलला ५०० ग्रॅमचं वजन पॉइंटवर ठेवलं तर स्प्रिंगने ते वर उचलून धरलं पाहिजे, इपीला (मी खेळतो तो दुसरा प्रकार) ७५० ग्रॅम. आम्ही दोन्ही वजनं लेथवाल्याकडून लोखंडी सळईची वळवून घेतलीत, मधे भोक पाडून, ब्लेडच्या टोकावर बसतात. नवीन पॉइंटबरोबर आलेली स्प्रिंग कधीकधी बदललेलीच नसते, लोक जुनीच ठेवतात.

अन्वयाची_आई:
काका, एकसारखं म्हणजे बॉडी वायरच ना. पण ती टेस्ट बॉक्सवर लाईट दाखवते हो. आणि दादा, स्प्रिंग नवीनच टाकलीय, सरांनी वजन ठेवून बघितलं काल, उचलतंय.

मुक्ता_सेबर:
ताई मी सेबर (तिसरा प्रकार) खेळते पण बॉडी वायरचं दुखणं सगळ्यांचं सारखंच. आमच्यात पॉइंट, स्प्रिंग काही नाही, सगळं ब्लेडच चालतं, तरी पांढरा लाईट लागला की आम्ही पहिला हात वायरीला घालतो. टेस्ट बॉक्सवर वायर सरळ टेबलावर पडलेली असते, तुमची मुलगी ती अंगात घालून पळत असते. घामाने भिजलेली, कोपरापाशी दुमडलेली. फरक पडतोच.

आणि एक, मुलीला सांगा की यलो रेड कार्ड सगळ्यांना मिळालेत. भवानीदेवीने सुरुवातीला इलेक्ट्रिक तलवारी परवडत नाहीत म्हणून प्रॅक्टिस बांबूच्या काठ्यांनी केली आणि चांगली तलवार मॅचपुरती जपून ठेवली, तीच २०२१ मध्ये टोकियोला भारताची पहिली ऑलिंपिक तलवारबाज झाली, पहिली मॅच १५-३ जिंकली. आपल्याकडे सगळे असेच सामान सांभाळत खेळतात, म्हणून दुरुस्ती शिकणं फार गरजेचं आहे.

रीलवाला_काका:
मुक्ताने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. आता मल्टीमीटर काढा ताई, वेळ लागेल पण एकदा कळलं की जन्मभर उपयोगी.

बॉडी वायरचा पाठीकडचा प्लग, जो रीलला जातो, त्याला तीन पिना एका ओळीत असतात पण अंतर सारखं नसतं. मधल्या पिनेपासून एक १५ मिलिमीटरवर आणि दुसरी २० मिलिमीटरवर. १५ वाली ए, मधली बी, २० वाली सी. अंतर मुद्दाम वेगळं ठेवलंय, म्हणजे प्लग उलटा बसतच नाही. फॉईलमध्ये ए ची वायर मगरीच्या तोंडासारख्या क्लिपला जाते जी आपण पाठीमागे लामेला लावतो. बी ब्लेडमधून पॉइंटपर्यंत जाते. सी म्हणजे वेपनचं लोखंड, गार्ड आणि ब्लेड.

वेपन लावलेलं असू द्या. मीटर बीपवर ठेवा. एक टोक मधल्या पिनेला, दुसरं २० वाल्या पिनेला. बीप वाजत राहिला पाहिजे. पॉइंट दाबला की बीप थांबला पाहिजे, सोडला की परत सुरू. मग क्लिप आणि १५ वाली पिन, बीप. मग १५ वाली आणि बाकी दोन्ही, अजिबात बीप नको.

बीप वाजला म्हणजे वायर चांगली असं समजू नका. स्वस्तातला मीटर बऱ्याच ओहमपर्यंत बीप देतो. ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवा, आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून जे दिसेल ते वजा करा. बॉडी वायरच्या प्रत्येक तारेचा रोध १ ओहमच्या आत हवा. वेपनचा २ च्या आत. तीन-चार ओहम दिसले की समजायचं, आत दहा तारांपैकी दोन-तीनच शिल्लक आहेत आणि त्याही कधी जातील सांगता येत नाही.

अन्वयाची_आई:
काका, केलं सगळं, दिरांना व्हिडिओ कॉलवर घेऊन. बी-सी बीप, पॉइंट दाबला की बंद. ए क्लिप बीप. ए चा दुसऱ्या कशाशी संबंध नाही. ओहम : ए ०.४, बी ०.६, सी ०.५. सगळं नियमात बसतंय. आता काय?

श्टुटगार्टचा_समीर:
मधेच येतो, मी इथे नोकरीनिमित्त आहे आणि क्लबमध्ये मोठेपणी फॉईल सुरू केलं. आमच्या क्लबच्या आर्मररकडून (वेपन दुरुस्त करणाऱ्याकडून) शिकलेली एक गोष्ट. फॉईलमध्ये मशीनला साधारण १४ मिलिसेकंद (नियमात १३ ते १५) सर्किट तुटलेलं दिसलं की ते टोचणी धरतं. २००५ च्या आधी हा वेळ यापेक्षा बराच कमी होता, तेव्हा मनगटाच्या झटक्याने पाठीवर मारलेले फ्लिक सहज लागायचे, ते आवरायला वेळ वाढवला. पण १४ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाच्या सत्तराव्या भागाएवढा. मीटरचा बीप एवढ्या बारीक क्षणासाठी थांबला तर कानाला कळणारही नाही, आकडा तर हलतच नाही. म्हणून मीटर ओके म्हणतो आणि मशीन ओरडतं. दोघंही खरं बोलत असतात. तुम्हाला वायर हलवत, ओढत, पिळत बघायला हवं, दोष जास्त वेळ उघडा राहील असं काहीतरी करून.

इपी_नाशिक:
हे भारी समजावलंत. विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा ताई, पण माझा पण एक प्रॉब्लेम दोन महिने अडकलाय. इपी. माझा पॉइंट समोरच्याच्या गार्डवर लागला की माझा लाईट लागतो. सगळे मला म्हणतात तुझं वेपन खराब. मी वेपन उघडून तीनदा साफ केलं, वायर बदलली, काही फरक नाही. आणि विचित्र म्हणजे काही जणांबरोबर होतं, काहींबरोबर नाही.

रीलवाला_काका:
"काही जणांबरोबर होतं" यातच उत्तर आलं बाळा. इपीचं सर्किट फॉईलच्या उलट, पॉइंट दाबल्यावर ए आणि बी जोडले जातात आणि रंगीत लाईट लागतो, पांढरा लाईट इथे नाहीच. मग समोरच्याच्या गार्डवर दाबलं तरी लागायला हवा ना? लागत नाही, कारण त्याचं गार्ड त्याच्या सी वायरीतून मशीनला जोडलेलं असतं. तुझा पॉइंट गार्डला टेकला की मशीनला कळतं हे गार्ड आहे, ते लाईट दाबून धरतं. त्याची सी वायर तुटलेली असेल किंवा गार्डच्या आत सॉकेट जिथे बसतं तिथे गंज असेल तर मशीनच्या दृष्टीने ते गार्ड नाहीच, अंग आहे. म्हणजे लाईट तुझा लागतो पण दोष त्याचा असतो.

ज्यांच्याबरोबर होतं त्यांची यादी कर आणि त्यांची सी तपास, गार्ड ते २० वाली पिन. गार्डवर बाहेरून गंज किंवा रंग असेल तर तोही घास. सगळ्यांबरोबर झालं असतं तर तुझ्या पॉइंटच्या बॅरलवर गंज आहे का ते बघायला सांगितलं असतं. पिस्टचं पण हेच तत्त्व. धातूची पिस्ट मशीनला जोडलेली असते म्हणून जमिनीवर इपी टेकली तर लाईट लागत नाही. आपल्याकडे जिल्ह्याला बहुतेक ठिकाणी हॉलच्या फरशीवर किंवा मॅटवर खेळतात, तिथे पायाजवळ मारताना जमीन लागली की लाईट लागणारच, तो बिघाड नाही.

इपी_नाशिक:
काका!! दोघंच आहेत तसे आणि दोघंही क्लबची वेपन वापरतात, ज्यांची गार्ड आतून पूर्ण तपकिरी झालीत. मी दोन महिने स्वतःचंच वेपन खोलत बसलो. उद्याच घासतो. एक अजून, माझ्या एका पॉइंटला ०.५ मिलिमीटरच्या पत्तीवर (फट मोजायची धातूची पट्टी) लाईट लागतो, वेपन चेकला परत पाठवलं. स्प्रिंग बदलू का?

रीलवाला_काका:
मोठी स्प्रिंग नाही, आतली छोटी कॉन्टॅक्ट स्प्रिंग. १.५ ची पत्ती पॉइंट आणि बॅरलच्या फटीत बसली पाहिजे, आणि ०.५ ची घालून दाबलं तर लाईट लागायला नको. लागतोय म्हणजे कॉन्टॅक्ट स्प्रिंग लांब पडतेय, लवकर टेकतेय. पाव आटा आत फिरव किंवा चिमट्याने किंचित दाब. अगदी किंचित. जास्त झालं तर पूर्ण दाबूनही लाईट लागणार नाही आणि ते आणखी वाईट. आणि पॉइंट खोलताना खाली पांढरा टॉवेल अंथर, ते दोन स्क्रू मुंगीएवढे असतात, फरशीवर पडले की गेले.

श्टुटगार्टचा_समीर:
इपीत ए आणि बी कुठेही जोडले गेले की लाईट लागतो, यावरून १९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक आठवलं. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेन्कोने मुठीत लपवलेलं बटण दाबून हेच केलं होतं. ब्रिटनच्या जिम फॉक्सला तलवार लागलीच नाही तरी लाईट लागला, तक्रार झाली, वेपन उघडलं आणि आत वायरिंग सापडलं. त्याला काढून टाकलं. म्हणजे "न लागता लाईट" हे लक्षण किती गंभीरपणे घ्यायला हवं ते बघा. अर्थात आपल्या बहुतेकांच्या वेपनमध्ये ते गार्डच्या आत सोललेल्या वायरींमुळे होतं. ब्लेडमधून दोन वायरी उशीखालून सॉकेटला जातात, तिथे त्यांच्यावर बारीक नळी घातलेली नसेल तर गार्डच्या भोकाच्या कडेने कातल्या जातात.

रत्नागिरी_फॉईल:
मुक्ताताई म्हणाल्या तसं घामाचं बघा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथे लामे कुठून वाळणार. पावसाळ्यात आमच्या निम्म्या मुलांना "माझा हिट लागला, पण पांढरा आला" ही तक्रार असते. त्यात मारणाऱ्याचा दोष कमी असतो, ज्याला लागलं त्याच्या लामेत मेलेले डाग असतात. घामातल्या मिठाने धातूचे धागे काळे-हिरवे पडतात, मग तिथे करंट जात नाही आणि मशीनला वाटतं लामेच्या बाहेर लागलं. लामेवर कुठल्याही दोन बिंदूंमध्ये ५ ओहमच्या वर रोध नको, वेपन चेकला ५०० ग्रॅमचं वजन फिरवून हेच बघतात. आम्ही मीटरचं एक टोक क्लिप लागते तिथे आणि दुसऱ्या टोकाला एक रुपयाचं नाणं बांधून जॅकेटभर फिरवतो, काखेत आणि मानेपाशी जास्त डाग निघतात.

धुवायचं असेल तर टबात कोमट पाणी, अगदी थोडं सौम्य साबण, हाताने नुसतं बुडवून काढायचं, पिळायचं नाही, मशीनला नाही, नंतर रुंद हँगरवर सावलीत. घडी करून बॅगेत दाबली की घडीवर धागे तुटतात. आणि ओली लामे आणि ओलं ग्लोव्ह बॅगेत वेपनबरोबर ठेवलं की दुसऱ्या दिवशी बॅरलवर गंज. आम्ही वेपनसाठी जुन्या पायजम्याच्या पिशव्या शिवल्यात.

मेकॅनिक_सोलापूर:
एवढं करण्यापेक्षा पॉइंटमध्ये आणि प्लगमध्ये गंज काढायचा स्प्रे मारा, आमच्याकडे गाड्यांना तेच करतो. दहा सेकंदात काम.

रीलवाला_काका:
नको हो भाऊ, कृपा करून पॉइंटमध्ये नको. ते तेल आत राहतं, त्यावर धूळ आणि लामेचे सुटलेले धागे चिकटतात आणि आठवड्यात काळा चिखल होतो. तो चिखलच मग पॉइंट अडकवतो. मी असे पॉइंट उघडलेत. कॉन्टॅक्ट साफ करायचा जो स्प्रे मिळतो, मागे तेल न ठेवता उडून जाणारा, तो ठीक. किंवा कापूस आणि स्पिरिट, तेवढंच पुरे. तेल लावायचं तर ब्लेडच्या बाहेरून, पावसाळ्यात, पुसून टाकण्याइतकं. आणि फॉईलच्या टोकाकडच्या १५ सेंटिमीटरवरची टेप जाऊ द्यायची नाही. ती फाटली की ब्लेडचा उघडा भाग समोरच्याच्या लामेला टेकतो आणि खरा हिटसुद्धा गोंधळात जातो.

मेकॅनिक_सोलापूर:
बरोबर आहे, गाडीच्या नट-बोल्टाला चालतं ते इथे नाही चालणार. माझी पुतणी खेळते, तिच्यासाठी हे वाचत होतो, कापूस-स्पिरिटच वापरायला सांगतो.

अन्वयाची_आई:
सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय. पण काका माझा घोळ तिथेच आहे. काल वायर टेबलावर ठेवून बी-सी ला मीटर लावून दहा मिनिटं पिळली, वाकवली, दोन्ही प्लगपाशी हलवली. एकदाही बीप गेला नाही. मुलगी म्हणाली आई राहू दे, मी इपी खेळते आता. मला फार वाईट वाटलं.

रीलवाला_काका:
मुलीला म्हणावं काकांनी अजून हार मानलेली नाही, तूही मानू नकोस.

ताई, टेबलावर नको. तिला पूर्ण तयार करा. प्लास्ट्रॉन (जॅकेटच्या आतलं संरक्षक), जॅकेट, लामे, ग्लोव्ह, वायर बाहीतून नेहमी घालते तशीच. हातात वेपन. वायरचा पाठीकडचा प्लग तुम्ही मागे उभं राहून धरा, मधल्या आणि २० वाल्या पिनेला मीटरच्या क्लिपा लावा, बीप सुरू. आता तिला सांगा, ऑन गार्ड (तयारीत उभं राहायची स्थिती). मग हात अगदी हळू लांब कर, पूर्ण. मग हळू लंज, पाय पूर्ण टाकून तिथेच थांब. घाई नाही. पाच सेकंद थांब. बीप कुठल्या क्षणी जातो ते बघा.

गेला तर दुसरी पायरी. वेपन बाजूला काढा, हाताकडच्या प्लगच्या दोन्ही टोकांना तांब्याची तार गुंडाळून एकमेकांना जोडा, म्हणजे वेपन साखळीतून बाहेर. प्लग ग्लोव्हच्या आत, हातात गच्च धरायला सांगा, गार्डला असतो तिथेच. परत तसंच. तरीही बीप गेला तर दोष वायरीत, वेपनमुळे नाही.

अन्वयाची_आई:
काका सापडलं!!!!

आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत, हॉलमधलं टीपॉय सरकवून केलं. ऑन गार्डला बीप. हात अर्धा लांब, बीप. हात पूर्ण, बीप तुटक तुटक यायला लागला. लंज टाकून थांबली तर बीप बंदच. हात परत घेतला की सुरू. वेपन काढून तार गुंडाळून केलं, तेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. तिने स्वतः मीटर धरून बाबांना लंज मारायला लावून पण बघितलं, तो वेगळाच गोंधळ झाला कारण त्यांना जॅकेट बसेना.

मग मला दिसलं ते सांगते. लंजमध्ये ती थांबली होती तेव्हा बाहीत हात घातला तर वायर तारेसारखी ताणलेली होती. ग्लोव्हपाशी प्लग ओढला जाऊन तिरका होत होता. ऑन गार्डला कोपर वाकलेला असतो त्यामुळे ढिली, टेबलावर तर ढिलीच. दिरांना फोन केला, ते म्हणाले वहिनी दोन्ही वेळा तुटलेला भाग छाटून परत जोडला, साधारण वीतभर तरी वायर कमी झाली असेल. आणि ही वायर आम्ही ती ११ वर्षांची असताना घेतलेली. तेव्हापासून तिची उंची किती वाढली ते दारावर खुणा केल्यात त्यावरून मोजलं, १७ सेंटिमीटर.

म्हणजे वायर कमी होत गेली आणि पोरगी वाढत गेली. आम्ही जॅकेट नवीन घेतलं, बूट नवीन घेतले, ब्रीचेस (खेळायची पँट) वाढवून घेतली, वायरीचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मुक्ता_सेबर:
ताई वाचून अंगावर काटा आला. केवढं साधं आणि केवढं लपलेलं. अन्वयाला सांगा इपी नंतर बघ, आधी फॉईलची पुढची स्पर्धा खेळ.

रीलवाला_काका:
शाब्बास ताई. हे तुम्ही स्वतः शोधलंय हे लक्षात ठेवा.

तुमच्या दिरांनी काम चांगलं केलंय, जोड पक्का आहे म्हणून तर ओहम इतके कमी आले. फक्त प्लगच्या तोंडापाशी तारा ताणात उघडत असणार. आता ती वायर तिसऱ्यांदा छाटू नका. नवीन घ्या, आणि घेताना तिला जॅकेट घालून लंजमध्ये उभं करून मोजा: मनगटापासून बाहीतून काखेखालून पाठीवर, खाली जॅकेटच्या बाहेर हातभर. त्यावर आणखी वीतभर जादा, ती पुढच्या दोन वर्षांची. जादा वायर काखेपाशी आतून एका सैल वळ्यात ठेवायची, कोपरापाशी नाही, तिथे दुमडून तुटते. दोन वायरी लागतील हे माहीत आहे ना? वेपन दोन तशा वायरी दोन, दोन्ही चालू. तिच्याकडे एकच होती म्हणून तर दुसरं वेपन दिल्यावरही तेच झालं.

हाताकडच्या प्लगच्या आत तार स्क्रूखाली जाते त्याच्या आधी वायरीला एक वळसा देऊन आवरण दाबलं जाईल असं करा, म्हणजे ओढ आवरणावर येईल, तारेवर नाही. आणि स्पर्धेत असं पुन्हा झालं तर काहीही खोलायच्या, उपसायच्या आधी हात वर करून रेफ्रींना सांगायचं. तिने स्वतःच प्लग काढला किंवा वेपन बदललं तर दोष होता हे नंतर सिद्धच करता येत नाही आणि लागलेला हिट रद्द होत नाही. हे मुलांना कुणी शिकवत नाही आणि त्यात गुण जातात.

इपी_नाशिक:
अपडेट. दोघांची गार्ड सँडपेपरने आतून बाहेरून घासली, सॉकेटचे नट आवळले. आज एक तास खेळलो, गार्डवर एकदाही लाईट नाही. त्यातल्या एकाची सी मोजली होती आधी, ११ ओहम होती, आता १ च्या आत. काका तुमचे पाय धरायला यायला हवं.

रत्नागिरी_फॉईल:
अन्वयाची आई, जुनी वायर फेकू नका हं. आमच्याकडे १० वर्षांची मुलं आहेत त्यांना अशा छोट्या वायरी मिळतच नाहीत, मोठ्यांच्या वायरींची गुंडाळी करून पाठीत कोंबावी लागते.

अन्वयाची_आई:
नाही फेकणार. नवीन दोन वायरी आल्या, मोजून घेतल्या, लंजमध्ये उभं करून, काकांनी सांगितलं तसं. काल क्लबच्या मशीनवर दीड तास खेळली, पांढरा लाईट फक्त खरोखर पायावर लागला तेव्हाच. जुन्या वायरीचा हाताकडचा प्लग दिरांनी नव्याने बसवून दिलाय आणि अन्वयाने ती क्लबमधल्या ९ वर्षांच्या एका मुलाला दिली. देताना त्याला जॅकेट घालून लंजमध्ये उभं केलं आणि बाहीत हात घालून वायर ढिली आहे का ते तिने स्वतः बघितलं. मी लांबून बघत होते.

काका एकच शंका, मास्क वायरच्या (मास्क लामेला जोडणाऱ्या) क्लिपा थोड्या ढिल्या वाटतात, त्या दाबून घट्ट केल्या तर चालतील का बदलायच्या?

रीलवाला_काका:
दाबून चालेल, पण दात घासून चकचकीत करा आधी. मास्कची बिब (गळ्यावरचा पट्टा) ते लामे मोजा, मास्क हलवत हलवत. आकडा स्थिर राहिला तर तीच वापरा.